सतराची बेरीज

सेलूत, स्टँडच्या मागं, टोम्पे ऑफसेटच्या माळ्यावर
मी पानं लावते.
लोकांना वाटतं पुस्तक एकापासून सुरू होतं.
वाचताना होत असेल.
छापताना पहिल्याच्या शेजारी सोळावं येतं,
दुसऱ्याच्या शेजारी पंधरावं,
आणि सात नि दहा, ओळखपाळख नसताना,
एका कागदावर अंग टाकतात.
कुठल्याही जोडीची बेरीज करा: सतरा.
नाही आली तर उगं मशीनला शिव्या देऊ नका.

हे मी शंभर प्रती वाया घालवून शिकले.

काम दोन शाळांचं होतं,
एकाच भिंतीला पाठ टेकून बसलेल्या.
अलीकडं घनवट सरांची मराठी,
पलीकडं सरवरी मॅडमची उर्दू.
पोरांनी घराघरांतून कोडी गोळा केलेली.
आठ पानं इकडून उघडायची, आठ तिकडून,
उत्तरं मात्र मधोमध, आठ आणि नऊवर, समोरासमोर.
उर्दू नांदेडहून टाइप होऊन आली,
आमच्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट नाही मनून
चित्रं करून पाठवलेली.
मला त्यातलं वर कुठलं नि खाली कुठलं
तेही कळंना.

मी वाचायच्या क्रमानंच लावली. एक-दोन, तीन-चार.
लायकभाईनं छापली, दुमडली,
आणि जिन्याखालून हाक मारली,
"बाई, मुखपृष्ठ पाठीला गेलं की!"

मग चार कोरे कागद घेतले.
एकात एक घातले, मधून दुमडले,
पेन्सिलीनं कोपऱ्यात एक ते सोळा आकडे टाकले
आणि परत सुटे करून टेबलावर पसरले.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, लाइट गेलेली,
कागद उडू नये मनून
एकावर स्टेपलर, एकावर मोबाइल, एकावर माझा डबा.
दोघांची मुखपृष्ठं एकाच कागदावर,
पाठीला पाठ लावलेली,
त्या भिंतीसारखी.

एवढं होऊनही एक चूक राहिली.
कागदात कागद घातला की
आतला केसभर बाहेर डोकावतो,
आणि कटिंगचं पातं आतल्यालाच जास्त खातं.
पहिल्या नमुन्यावर घनवट सर काही बोलले नाहीत.
मॅडमसोबत एक पोरगी आलेली, तिसरीतली.
तिनं नववं पान नाकाशी धरलं
आणि म्हणाली, "मेरा नाम आधा है."
उजव्या कडेला तिच्या नावाचं पहिलं अक्षर
पात्यानं नेलं होतं.
मग मी आठवं पाहिलं.
डाव्या कडेला "कोंडिबा"तला "को" गायब.
दोन्ही भाषा तिथं बाहेरच्या कडेनं निघतात
आणि पिनेकडं चालत येतात.
हे इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

दोन्ही पानं तीन मिलीमीटर आत सरकवली,
घडीच्या बाजूला.
तेवढ्यानं पिनेजवळची जागा
जरा अंगाला अंग लागल्यासारखी झाली.
टोम्पे म्हणाले, "लई चिकटली."
मी म्हटलं, "चिकटू द्या."

दिवसभर पायाशी लोळती, कंदील विझला की पळती.
हे मराठीतलं, पान तीन.
उर्दूतलं मॅडमनं वाचून दाखवलं:
धूप में संग चले, छाँव में गुम.
मी उत्तर विचारलं नाही.
तेवढं मला येत होतं.

पोरीचं नाव ज़ैनब.
नव्या प्रतीत तिनं ते बोटानं दोनदा मोजलं,
मग पुस्तिका उलटी करून मराठी बाजूनं उघडली
आणि आकडे वाचत बसली.

चुकलेल्या शंभर प्रती
टोम्प्यांनी फुटाणेवाल्याला किलोवर दिल्या.
परवा स्टँडवर एका कंडक्टरच्या हातात पुडी दिसली.
फुटाणे संपल्यावर त्यानं कागद सरळ केला,
कोडं वाचलं, मागं उलटवलं,
तिथं मुखपृष्ठ.
परत पुढं. परत मागं.
परभणी गाडीची बेल देईपर्यंत
तो उत्तर शोधत होता.