उजवं दार

गाडी कोरी. मीटरवर अकरा किलोमीटर,
सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही.
धाकटी एदुविना म्हणते,
"नीबाल्दो, तू बघ, तुला पत्र्यातलं कळतं."

पुंता अरेनासचा वारा आज जरा थोपलाय.
रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतो.
डावं दार: एकशे दहा.
उजवं: दोनशे नव्वद.
मोजायची गरज नव्हती.

मार्चात बोटीवरून उतरवताना
वाऱ्यानं हे दार उलटं पिरगाळलं होतं.
एजन्सीनं रात्रीच गाडी माझ्या शेडमध्ये आणली.
तीन दिवस आतून ठोकत, बाहेरून लांबी भरत,
पांढऱ्यातला तो किंचित निळा
जुळता जुळत नव्हता.
पैसे रोख. बोलायचं नाही, एवढंच ठरलं.

विक्रेता माझ्याकडे बघत नाही.
एदुविना वाकून दारात स्वतःचा चेहरा बघते.
सरळ दिसतो. तेवढं जमलंय मला.

पहाटे चारला पाव घेऊन निघेल ही,
रस्त्यावर मीठ, बर्फ, खडी.
दोन हिवाळ्यांत बिजागरीखाली फोड येईल.
किंवा नाहीही येणार.

"बोल ना!"
झाकली मूठ खिशातच घामेजते.
"काम चांगलं झालंय," मी म्हणतो.

पर्समध्ये गेलेला तिचा हात थांबतो.
"कसलं काम?"