माइक चालू राहिला

तीन वर्षं मी तिथे भैरव होते.
दाढी, परशू, खांद्यावर ससाणा.
आवाज जाड करणारं यंत्र
एकदाही फसलं नाही.

काल ऐन वेढ्यात
ग्वाल्हेरला, लष्करमधल्या आमच्या स्वयंपाकघरातून
आई ओरडली,
"शाल्मली, पोळ्या गार होतायत गं!"

माइक चालू.
अकराही जण गप्प.

मग तो बडोद्याचा,
ज्याच्याशी मी कायम हिंदीतच भांडत आलेय,
चक्क मराठीत म्हणाला,
"भैरवा, जेवून ये तू.
दरवाजा आम्ही धरतो."

दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी.
"कुणाशी बोलत होतीस एवढं?"
"किल्ल्यावरच्या लोकांशी."

आईने खिडकीतून
आपल्या किल्ल्याकडे पाहिलं.
तिथले दिवे तर
केव्हाच मालवले होते.