डाव्याला लहान, उजव्याला मध्यम

खडे बाजारात इरण्णानं काचेवर पाच जोड्या मांडल्या,
साडीवाला घडी मोडतो तशा:
डबी उघडायची, वायर झटकायची, पुढं सारायची.
"घाला मामा कानात. केळ्री."

मी वडगावचा. तीस वर्षं माग.
शेडमध्ये आम्ही ओठ वाचून बोलतो.
वर अंगठा म्हणजे चहा,
भुवई उडवली की मालक आला.
कान कधी बोथट झाला कळलं नाही,
डावीकडनं हाक आली तर मी उजवीकडं बघतो.

पोरगा म्हणाला होता, बिनतारेचे घ्या.
ज्याला धागा नाही
ते माझ्या हातात टिकत नाही.

पहिली जोडी साडेतीनशेची.
इरण्णाच्या फोनवरचं गाणं, नुसता दणका.
"बेस बघा मामा, बेस!"
हा तर आमच्या शेडमध्ये फुकट मिळतो की.

म्हटलं थांब, माझं लावतो.
येळ्ळूरला मेव्हण्याच्या घरी
गेल्या पौषात झालेलं भजन.
वामन मंडोळकराची पेटी, तिची एक पट्टी अडकते,
आणि दोन मिनिटं अकरा सेकंदाला कुणीतरी खोकतं.
मला पाठ आहे.
काठ कुठं चुकलाय हे माहीत असलेलं कापड
पारखायला बरं.

दुसऱ्या जोडीत खोकला नाही.
तिसऱ्या जोडीत खोकला आहे, माणूस नाही,
पत्र्याच्या डब्यात ठसका लागावा तसा.
चौथी गोड होती. फार गोड.
अडकलेली पट्टीसुद्धा तिनं गुळगुळीत करून टाकली.
मंडोळकर कुठं इतकं चांगलं वाजवतो?

पाचवी कानात थांबेना.
इरण्णानं रबरी टोप्यांची पुडी सोडली,
लहान, मध्यम, मोठी.
"दोन्ही कान सारखे नसतात मामा. कुणाचेच."
डाव्याला लहान बसली, उजव्याला मध्यम,
आणि बाजार बंद झाला.
रिक्षावाल्याचं तोंड हलतंय, भाजीवालीचं हलतंय,
आवाज नाही.
शेडमध्ये असतं तसंच, फक्त उलटं करून शिवलेलं.

मग बोट दाबलं.
सुराच्या आधी भाता श्वास घेतो
हे मला आज कळलं, छप्पन्नाव्या वर्षी.
पट्टी अडकली. शाब्बास.
खोकला आला तो माणसासकट आला,
बाळाप्पा काकतकर, बिडीसकट.
आणि त्याच्या खाली, अगदी खाली,
बाण्याखाली ताणा असतो तशी
एक बाई गुणगुणत होती.
फोनच्या अगदी जवळ.

फोन कुणाच्या हातात दिला होता मी?

इंदूच्या.

समोरच बसते ती, कांड्या भरत.
तिचे ओठ हलायचे.
मला वाटायचं, मोजते.

"केळ्सतैतेन्री मामा?"
इरण्णाच्या भाषेत ऐकणं आणि विचारणं एकाच शब्दात भागतं.
आमच्याकडं विचारणं आणि विचार करणं.
मी दोन्हींच्या मधे, काउंटरला टेकून,
पुन्हा दोन मिनिटं अकरा सेकंदावर.

चौदाशेचे बाराशेला दिले त्यानं.
घरी साडेतीनशे सांगितले.
"नीट ऐकू येतंय काय?" इंदूनं विचारलं.
"येतंय की."
"मग मागंच घ्यायचे होते."
आणि भांडी घासायला गेली. तिथं नाही गुणगुणली.
मी दाराशी उभा राहून बघितलं.

आज सकाळी जोडी खिशातच ठेवली.
बटण दाबलं, धोटे सुटले, पत्रे थरथरले.
पलीकडं तिचे ओठ हलायला लागले.
एक, दोन, तीन, असं नव्हतं ते.
असलं लांब "आ" कुठल्या आकड्यात येतं?

न राहवून मी अंगठा वर केला.
तिनं कांडी खाली ठेवली, पदर खोचला
आणि चहा टाकायला उठली.