तुलनेचं घर

दिघ्याच्या चढावर, तिसऱ्या नळाच्या मागे,
यादीतलं एकशे बारावं घर.
नाव झिरपे. माणसं पाच. कमावतं शून्य.
मंदीआधी, एक.

उन्हात टॅबचा पडदा दिसत नाही,
फाइलची सावली धरून वाचावं लागतं.
मी विचारते ते सगळं कुणीतरी आधीच
गार खोलीत बसून ठरवून ठेवलंय:
गेल्या सात दिवसांत डाळ किती वेळा शिजली?
काय गहाण टाकलं? काय विकलं?
घरात कुणी उपाशी झोपलं का? असल्यास कोण?

प्रत्येक घर आधी 'कुणी नाही' सांगतं.
मग चहा येतो, कोरा.
कप अर्धा झाला की बाई म्हणते,
लिहा. मी.

काल खालच्या गल्लीत होते, मिळालेल्या घरांत.
महिना साडेतीन हजार, चार महिने, थेट खात्यात.
मोकलांनी सिलिंडर भरला,
उरल्यात धाकटीचा चष्मा.
नसरीन दळवीने शिलाई मशीनची मोटर दुरुस्त केली,
पिशव्या शिवते आता, शेकड्याला चाळीस.
लवांड्यांच्या थोरल्याने घरी न सांगता
मित्राची उधारी फेडली.
तेही मी लिहिलं. रकाना: अनुत्पादक खर्च.
पोरगा म्हणाला, ताई, आता तो मला
टेम्पोवर बोलावतो, आठवड्यातून दोनदा.
त्याला रकाना नव्हता.

झिरप्यांना काहीच मिळालं नाही.
ही चूक नव्हे, असंच ठरलंय.
संगणकाने चिठ्ठ्या टाकल्या:
निम्म्यांना पैसे, निम्म्यांना नुसते प्रश्न.
वाशीच्या हॉलमध्ये साहेबांनी समजावलं होतं,
तराजूला दुसरं पारडं लागतंच,
नाहीतर पैशाने काय झालं नि आपोआप काय झालं
हे कळणार कसं?
मला पटलं होतं. अजूनही पटतं, हिशेब म्हणून.

कल्पना झिरपे भाजी निवडता निवडता ऐकते.
नवऱ्याची रबाळ्याची कंपनी, गोळ्यांची पाकिटं भरायची,
एका शनिवारी बंद झाली.
आता तो पाचला नाक्यावर जातो,
दहाला परत येतो, चप्पल न वाजवता.

"म्हणजे आम्ही कशाला?"
"तुलनेला."
"कुणाच्या?"
"ज्यांना मिळालं, त्यांच्या."
हात थांबले. देठं एकीकडे, पानं एकीकडे.
"म्हणजे खालच्या नसरीनच्या?
अहो, तिच्याकडनंच तर तांदूळ आणलेत परवा,
दोन किलो. न मागता दिले.
हे लिहायचं, का नको?"

मी पेन शोधू लागले. टॅबला पेन लागत नाही.

पारडं रिकामं नव्हतंच तर.
अंधार पडल्यावर, पदराखालून,
या पारड्यातून त्या पारड्यात काही गेलं होतं,
आणि काटा आता खोटं बोलणार होता:
मदतीचा फरक कमी दिसेल,
कुणी म्हणेल, बघा, विशेष उपयोग नाही.
प्रशिक्षणात याला गळती म्हणत.

मला फॉर्ममागे सत्तर रुपये मिळतात.
वागळे इस्टेटमधलं माझं युनिट
दिवाळीच्या आधी गेलं, बोनससकट.
मी कुठल्याच यादीत नाही,
ना मिळालेल्यांच्या, ना तुलनेच्या.
हे तिला सांगितलं नाही.
तिने बहुतेक ओळखलं, कारण चहा परत भरला.

शेवटचा प्रश्न राहिला होता.
मदत मिळाली असती, तर आधी काय केलं असतं?
शिक्षण, औषध, कर्जफेड, इतर.
ती म्हणाली, नसरीनचे तांदूळ परत केले असते.

मी 'इतर' दाबलं.
तपशिलाला दहा अक्षरांची जागा,
आणि मशीन काना, अनुस्वार,
मधली मोकळी जागासुद्धा मोजतं.
'तांदूळ परत', एवढं बरोबर बसलं.
कुणाचे, ते बसलं नाही.