एक वाव

मास्कने आधी माझे रस्ते नेले.
तुम्हांला वाटलं असेल, नाकच तर झाकलं.
पण काणकोणच्या चावडीवर मी नाकानेच वळायचो:
खाऱ्या बांगड्याशी उजवीकडे,
टायरवाल्याच्या जळक्या रबराशी जरा थांबायचं,
मग भट्टीतल्या उंड्यांचा वास,
आणि तिथून सात पावलांवर रेशनचं दुकान.
आता कापडाआड सगळीकडे एकच वास,
माझ्याच श्वासाचा, सकाळच्या पेजेचा.

दुकानापुढे चुन्याची वर्तुळं काढली होती.
मला ते कळलं ओरडण्यावरून.
"वर्तुळांत राव रे!"
कुठलं वर्तुळ? चुन्याला ना उंची, ना आवाज.
मी काठी फिरवली, ती कुणाच्या तरी घोट्याला लागली
आणि रांग अशी फरफटत मागे सरली
की रोग म्हणजे मीच.
शिपाई आला. त्याच्याही हातात काठी.
त्याची काठी जमिनीला काही विचारत नव्हती.

"सूचना भिंतीवर लावलीय. वाचा."
मी भिंत वाचली.
गुळगुळीत कागद, खाली खळ अजून ओली,
एका कोपऱ्यात हवेचा फुगा.
एवढंच लिहिलं होतं.

वृंदा, माझी भाची, कोपर द्यायची मला.
तिलाही लांब उभं केलं.
नियम करणाऱ्यांचं अंतर डोळ्यांपासून सुरू होतं,
माझं कोपरापासून.
हे सांगायला पंचायतीत गेलो, दाखला घेऊन,
शंभर टक्के,
शाळेत कधी मिळाले नव्हते एवढे.

पंच पैंगीणकर भला माणूस.
बसायला दिलेल्या खुर्चीचा वेत माझ्याच हातचा,
मागच्या चवथीआधी विणलेला, अजून ताठ.
दुरून म्हणाले, "उपासोबाब, तुम्ही कशाला येता?
घरी बसा. पोरं तांदूळ आणून टाकतील दारात."

टाकतील.
त्या शब्दापाशी मी थोडा वेळ बसून राहिलो.

तांदूळ नकोत असं नाही.
जे खाटेवर आहेत त्यांना घरी नेऊन द्या,
वेळेवर द्या, आणि टाकू नका, हातात द्या,
नाहीतर निदान हाक मारून ठेवा.
मला मात्र रांग हवी.
माझा नंबर हवा, पुढच्याची कुरकुर हवी,
तागडीत दाणा पडतो तो आवाज हवा,
कारण तो ऐकून मी सांगू शकतो
पाच किलोत किती मारलं.
दारात पडलेल्या पिशवीशी
भांडता येत नाही.

"लिहून घेतो," म्हणाले.
पेन चालल्याचं काही ऐकू आलं नाही.

कायतानची होडी तेव्हा वाळूवर पालथी होती
आणि कायतान माझ्या सोप्यावर, सहा फुटांवर, विडी ओढत.
सगळं ऐकून हसला.
"सहा फूट, सहा फूट काय करतात?
एक वाव म्हणायचं."
हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत,
त्याचे बाप-आजे याच मापाने समुद्र मोजत आले.
रापणीचा जुना काथ्याचा दोर आणला त्याने,
दर वावेला एक गाठ मारली,
आणि पहाटे, कुणाला न विचारता,
रस्त्यापासून तागडीपर्यंत खिळ्यांनी ठोकला.

चपलेखाली दोर आला.
पहिली गाठ. राहिलो.
दुसरी. राहिलो.
त्या दिवशी मला कुणी ओरडलं नाही,
आणि कुणी कौतुकही केलं नाही, तेच बरं.

चौथ्या दिवशी कुणाची स्कूटर घसरली, दोर उपटला गेला.
आम्ही पुन्हा ठोकला.
दरम्यान चुना पायांपायांनी पुसून गेला
आणि डोळेवालेसुद्धा चपलेने चाचपू लागले,
"गाठ खंय रे, गाठ?"

आज तिसऱ्या गाठीवर आहे मी.
माझ्या मागे कुरकुरत चाकं येतात, अडतात,
पुन्हा येतात, पुन्हा अडतात.
रोझालिन आहे, सुताराने केलेल्या तिच्या गाडीवर.
"उपासो," ती चिडून म्हणते,
"तुझी गाठ माझ्या चाकाला आडवी येते."

खरंच की.
हे मला दिसलं नव्हतं.

उद्या पहाटे कायतानला उठवायचं.
दोर वीतभर भिंतीकडे सरकवायचा.