निकष २.६

समितीत आम्ही तिघे. अध्यक्ष डॉ. खापरे नागपूरचे;
सकाळी बांगडा बघून त्यांनी ताट हलकेच सारलं.
दुसऱ्या बाई पुण्याच्या. तिसरी मी,
लातूरला सतरा वर्षं करार-कायदा शिकवणारी,
समुद्र आयुष्यात तिसऱ्यांदा बघणारी.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
हे विधी महाविद्यालय. खाली काजूची जुनी वखार,
वर पाच वर्गखोल्या,
बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम.
प्राचार्य आजगावकरांनी गेल्या आठवड्यात रंग काढलाय,
दारांना अजून हात चिकटतात.

आम्ही मोजलं.
ग्रंथ चार हजार एकशे बारा.
त्यातले निकालांचे खंड
वाळवीनं आमच्याआधीच वाचून संपवलेत.
ग्रंथपाल मठकर ते उघडून दाखवत नाहीत,
नुसता पाठीवरून हात फिरवतात,
म्हाताऱ्या बैलाच्या फिरवावा तसा.
पूर्णवेळ प्राध्यापक कागदावर सात, समोर चार,
एक ओरोसला तारखेला गेलेले.
मार्गी लागलेले विद्यार्थी?
आजगावकर घसा खाकरतात.
"गोव्यात बरेच. हॉटेलांच्या हिशेबात.
एक मुलगी सावंतवाडीला वकिली करते, मॅडम,
फी कधी कधी माशांत घेते."
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
डॉ. खापऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं नाही.

दुपारी अभिरूप न्यायालय,
बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, नेट सोडून कोपऱ्यात ठेवलेलं.
खटला काल्पनिक, असं छापलं होतं:
रापणकरांची जाळी फाटली.
पर्ससीनची बोट हद्दीच्या आत होती की बाहेर?
कुणी कुणाची बाजू घ्यायची ते चिठ्ठीवर.

सेजल गिरप, तिसरं वर्ष.
तिच्या चिठ्ठीत बोटमालक निघाला.
शेवटच्या बाकावर तिचे वडील, रापणीचे तांडेल,
इस्त्रीचा शर्ट, तळहातांना दोरीचे घट्टे,
पालक-प्रतिनिधी म्हणून आम्हीच बोलावलेले.

कोट उसना, बाह्या बोटांवर येणाऱ्या.
पहिल्या दोन वाक्यांत तिनं बापाकडे बघितलं,
नंतर नाही.
महोदय, अंतर मोजलं कुणी?
साक्षीदार म्हणतो, पाण्यावरून नजरेनं.
तेव्हा भरती होती की सुकती?
सुकतीला आमचा किनारा चाळीस वाव पुढे जातो.
मग हद्द कुठून धरायची, ओल्या वाळूपासून
की कोरड्या?
आणि अमावास्येला नजर किती लांब पोचते,
हे साक्षीदारानं कोर्टाला सांगावं.

यातलं काहीच मठकरांच्या कपाटात नव्हतं.
ते सगळं शेवटच्या बाकावर बसलं होतं,
दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

निकाल बोटमालकाच्या बाजूनं गेला. टाळ्या.
चहाला मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले,
काय बोलावं ते न सुचून म्हटलं, मुलगी छान बोलली.
"व्हय. बोललां ता माका खरां वाटलां."
मग बराच वेळ काही नाही. बशीतला चहा निवला.
"जाळी मातर खरीच फाटली होती."

रात्री विश्रामगृहात फॉर्म समोर.
निकष २.६, अभ्यासक्रमाची फलनिष्पत्ती,
शून्य ते चार, शेऱ्यासाठी दोन ओळी.
खापरे म्हणतात दोन, ग्रंथालय बघता तेही जास्त.
पुण्याच्या बाई म्हणतात तीन, मुलीसाठी.
मी चार लिहिले. खोडले.
चार म्हणजे मी तिला शाबासकी देतेय
की तिच्या बापाची जाळी दुसऱ्यांदा फाडतेय?

निघताना हॉलमध्ये डोकावले होते.
दोघं नेट परत बांधत होती.
एक टोक तिच्याकडे, एक त्यांच्याकडे,
मध्ये कुणी बोलत नव्हतं.
तिची गाठ सुटली. त्यांनी येऊन
ती पुन्हा मारली, तिला बघू देत, सावकाश,
आणि परत आपल्या टोकाला गेले.

चौकट अजून रिकामी आहे.
शेजारी माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटलाय,
आजगावकरांच्या दाराच्या फिक्या निळ्या रंगाचा,
सही न येणाऱ्या साक्षीदाराचा असावा तसा.