भाषा: बहुधा हिंदी

प्रकाशक म्हणाले, शहाण्णव पानं, कुमारांसाठी,
अमेरिकेचा एक अध्यक्ष, सोप्या मराठीत,
शेवट जरा हलका करा.

म्हणून चैत्रभर मी बसले
डेक्कनवरच्या वाचनालयात, पंख्याखालच्या टेबलाशी,
जिथे टिळेकरबाई अजून कार्डांचे ड्रॉवर पुसतात
आणि दीडला, म्हणजे एक वीसला, दिवे घालवतात.

इथे त्याच्यावर अकरा पुस्तकं. चारांना वाळवी.
तिकडे त्याच्या नावाचं अख्खं एक ग्रंथालय:
खोके, खोक्यांत फोल्डर, फोल्डरांची यादी, यादीची यादी.
शाळेतली प्रगतिपुस्तकं, दाताच्या डॉक्टरची बिलं,
आईला लिहिलेली सतरा पत्रं,
एका भाषणाचे नऊ खर्डे, ज्यांत एकच शब्द
लिहिलाय, खोडलाय, लिहिलाय.
माणूस इतका जपता येतो
हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांचं
एक पेन्शनचं पुस्तक आहे, आणि चष्मा.

यादी वाचता वाचता, रात्री, फोनवर:
खोका ११४, फोल्डर ७.
परदेशी नागरिकांची पत्रं, किरकोळ.
पूना. एक पान, छापील.
भाषा: बहुधा हिंदी. आशय: अज्ञात. उत्तर: पाठवले नाही.

अर्ज भरला. नवव्या दिवशी पान आलं.

*अध्यक्षसाहेब यांचे सेवेशी.
मी नारायण पेठेतला जु■री.
पानशेत फुटले त्या दिवशी छापखान्यात पुरुषभर पाणी.
सग■ खि■ गेले. गा■तून वेचून काही मि■ले,
एक अक्षर मात्र एकही नाही.
ते कोणते, ते छापून दाखवता येत नाही.
आपल्या देशी ओतशा■ मोठ्या, असे ऐकतो.
तेवढे एक पाठवावे. पैसे हप्त्याने देईन.
घरी आई, आणि मुलगी ■ वर्षांची.
धोंडू रामजी पासलकर*

अक्षर नसलं की दुसरा खिळा उलटा बसवायचा,
हे टिळेकरबाईंनी सांगितलं. त्यांचे मामा बाइंडर होते.

पुण्यात पासलकर शोधला.
छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं.
महापालिकेत म्हणाले, त्या सालच्या वह्या भिजल्या.
बाईंनी 'प'चे ड्रॉवर उपसले, मग कुणी चुकून
'फ'त घातला असेल म्हणून 'फ'चे.
म्हणाल्या, जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, छापणाऱ्याचं नाव.
बघितलं. तिथंही मालकाचंच.

म्हणजे उभ्या आयुष्याचं दफ्तर ते एक पान,
आणि ते सांभाळलं कुणी, तर
ज्यांना ते वाचता आलं नाही त्यांनी,
दूरच्या गावी, गार खोलीत, हातमोजे घालून.
आपण वाचू शकत होतो.

तिकडे कळवलं: भाषा मराठी. आशय: ळ.
दोन दिवसांत उलट टपाल. आभारी आहोत, नोंद दुरुस्त केली.
एवढ्या वर्षांनी का होईना, उत्तर गेलं म्हणायचं,
जरी माझ्या पत्त्यावर.

काल प्रत काढली आणि पेन्सिलीने
एकेका काळ्या चौकोनावर लिहीत गेले.
जुळारी. सगळे. खिळे. गाळातून. मिळाले.
माझं ळ पहिल्यापासून वाईट, पोट फुगलेलं,
शाळेत यावरून छड्या खाल्ल्यात.
ओतशाळा.

मुलीपाशी अडले.
तिथे ळ बसत नाही.
आकड्यांचा खणही गेला असेल, म्हणाले मी.
बाई काही बोलल्या नाहीत. घड्याळात एक अठरा.
त्यांनी पहिला दिवा घालवला.

शहाण्णवांतलं एकोणिसावं पान चालू आहे.
अध्यक्ष अजून शाळेत आहे.